टसरचा कोट धुवायचा की तसाच ठेवायचा?

पत्र: मी ३१ वर्षांची आहे, गिरगावात राहते, व्हायोलिन वाजवते. नाट्यसंगीत आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत साथ करते. कुणीतरी आधी वापरलेले कपडे घालून वाजवायला मला मनापासून आवडतं. शुक्रवारच्या बाजारातली जाकिटं, कुर्ते, जुन्या मिलच्या कापडाचे शर्ट असं बरंच जमलंय. आता आमच्या चाळीतल्या काकूंनी त्यांच्या यजमानांचा टसर रेशमाचा बंद गळ्याचा कोट मला दिला आहे. ते ऑर्गन वाजवायचे. कोटाला अत्तराचा आणि जुन्या घामाचा वास आहे, छातीवर पानाचा डाग आहे, काखेत कापड पिवळं पडलंय आणि डाव्या कोपरावर विरलंय. दिवाळी पहाटेला तो घालून वाजवायची इच्छा आहे. धुतला तर त्यांचं जे काही त्यात आहे ते निघून जाईल असं वाटतं. न धुता घालवत नाही. पावसाने बाकीच्या कपड्यांनाही कुबट वास लागलाय. त्यात आई म्हणते, गेलेल्या माणसाचे कपडे घरात नकोत. काय करू? – व्हायोलिनवादक, गिरगाव

उत्तर: घाम काढा, खुणा ठेवा. तुमच्या सगळ्या प्रश्नांना आमचं एवढंच उत्तर आहे, पण ते कसं करायचं हे सविस्तर सांगायला हवं, कारण रेशमाच्या बाबतीत एक चुकीचा हात फिरला की तो मागे घेता येत नाही.

काखेतला पिवळेपणा आधी समजून घ्या. ताजा घाम किंचित आम्ल असतो. तो कापडात राहिला की जिवाणू त्यावर काम करतात आणि तो अल्कधर्मी होत जातो. रेशीम हे प्रथिन आहे, त्याला अल्क सोसत नाही. वर घामातलं मीठ दमट हवेतलं पाणी ओढत राहतं. म्हणजे कोट नुसता कपाटात टांगलेला असला तरी काखेतलं कापड दर पावसाळ्यात थोडं थोडं खाल्लं जातंय. ज्यांचा तो कोट होता त्यांच्या आठवणीसाठी घाम जपला, तर काही वर्षांनी काखेचं कापडच हातात उरणार नाही. त्यामुळे याबाबत मनात किंतु ठेवू नका.

मात्र पाणी लावण्याआधी एक दिवस नोंदींसाठी द्या. खिडकीच्या उजेडात कोट पांढऱ्या चादरीवर पसरा आणि फोटो काढा: पुढून, मागून, आतून, प्रत्येक डागाचा, प्रत्येक रफूचा जवळून. मग खिसे उलटे करा. वाजवणाऱ्या माणसाच्या खिशात काय सापडेल सांगता येत नाही. सुपारीचा चुरा, बसचं तिकीट, तंबोऱ्याच्या जव्हारीच्या दोऱ्याचा तुकडा, गाण्याच्या पट्ट्या लिहिलेली चिठ्ठी, असं काहीही. जे निघेल ते कागदी पाकिटात घाला, पाकिटावर पेन्सिलीने तारीख आणि ‘कोटाचा डावा खिसा’ असं लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमट होतं.

गळ्याच्या आतल्या बाजूला शिंप्याचं लेबल असेल तर ते नीट वाचा. पत्त्यात ‘मुंबई ४’ असा एकेरी किंवा दुहेरी आकडा असेल तर लेबल बहुधा १९७२ पूर्वीचं. ४००००४ असा सहा आकडी पिनकोड असेल तर नक्की त्यानंतरचं, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. जुनी लेबलं संपेपर्यंत लावली जायची, हे धरूनच अंदाज बांधा. आत कुठेतरी, बहुतेक गळ्याशी किंवा अस्तराच्या टोकाला, काळपट तपकिरी रंगाची दोन-तीन अक्षरं किंवा काड्या-टिंबांची खूण दिसेल. ती धोब्याची निशाणी. पूर्वी धोबी ती बिब्ब्याच्या रसाने घालत. बिब्ब्याची खूण धुऊन जात नाही, म्हणून तर ती वापरत. ती डाग समजून घासायला जाऊ नका. कपडा विरेल, खूण तशीच राहील. तो कोट कुणाकडे धुवायला जायचा, कुठल्या घरातला होता, याचा लेखी पुरावा म्हणून एवढीच गोष्ट तुमच्या हातात असते.

वासाचं म्हणाल, तर तो कोटात जपता येत नाही, पण थोडा बाजूला काढून ठेवता येतो. आतल्या खिशाचं सुती कापड बहुधा हाताने टाचलेलं असतं. ते उसवून घ्या, घडी करून घट्ट झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा, बरणी अंधारात ठेवा. अत्तरात चंदनाचं तेल असलं तर तो वास बराच टिकतो. बरणी सारखी उघडू नका, प्रत्येक वेळी थोडा वास जातो. खिसा मात्र आधी हाताने चाचपून पूर्ण कोरडा आहे याची खात्री करा, नाहीतर बरणीत बुरशी धरेल आणि उरेल तो बुरशीचा वास.

आणि काकूंशी बोला. समोर बसून फोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ध्वनिमुद्रण करा, त्यांना सांगून. प्रश्न अगदी साधे विचारा: कोट कुणी शिवला, टसर कुठून आणलं, कोणत्या नाटकाच्या किंवा मैफलीच्या वेळी घालायचे, इस्त्री कोण करायचं, पानाचा डाग कधीचा. मोठा प्रश्न विचारला की माणूस ‘खूप आठवणी आहेत हो’ म्हणून गप्प होतो. इस्त्रीचा प्रश्न विचारला की तासभर बोलतो. त्याच बैठकीत दोन गोष्टींची परवानगी घ्या, कोट साफ करण्याची आणि तुमच्या मापाला टीप घालण्याची. त्यांच्या मुलाबाळांना तो पुढे हवा असेल का, हेही विचारा. नंतर बोटभर रुंद पांढऱ्या सुती फितीवर धुतलं तरी न जाणाऱ्या शाईने त्यांच्या यजमानांचं नाव, शिंप्याचं नाव आणि काकूंनी कोट दिला ते वर्ष लिहा. शाई पूर्ण वाळू द्या, फीत एकदा पाण्यातून काढून बघा, आणि मगच ती आतल्या अस्तरावर चार सैल टाक्यांनी लावा. रेशमावर थेट काहीही लिहू नका.

आता कापडाची ताकद तपासू. शिवणीत आतल्या बाजूला जी माया, म्हणजे जास्तीचं सोडलेलं कापड असतं, तिथला एक दोरा सुईने सोडवा आणि दोन बोटांत ओढा. दोरा ताणून मग तुटला तर कापडात जीव आहे. न ताणता कटकन तुटला किंवा भुगा झाला तर हा कोट घालून वाजवण्याचा विचार सोडा. तो आडवा ठेवून जपायचा कपडा आहे. दुसरी तपासणी: कोट उजेडासमोर धरा आणि घड्यांच्या रेषा, कोपर, खांद्याच्या मागची बाजू बघा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं ओळीने दिसली तर कापड तिथून फाटणार. तुमच्या पत्रावरून फक्त कोपर विरलेलं दिसतंय, आणि तेवढ्यावर उपाय आहे.

कोट खरंच टसर आहे का, याची खात्री त्याच दोऱ्यावर करा. चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरडली तर रेशीम. कडक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती किंवा रेयॉन. बाजारातले ‘रेशमी’ कुर्तेही असेच तपासा. त्यातले कितीतरी आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम निघतात.

कोट बादलीत बुडवायचा नाही. बंद गळ्याच्या कोटाला आत कॅनव्हास असतो, अस्तर असतं, खांद्याला पॅड असतात. हे सगळं पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात आटतं आणि छातीवर फुगे येतात, ते इस्त्रीने बसत नाहीत. शिवाय टसरवर पाण्याचे डाग पटकन उठतात. म्हणून काम तुकड्या-तुकड्याने करायचं.

पहिल्यांदा धूळ. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरबँडने बांधा, ओढ सगळ्यात कमी ठेवा आणि कोटावरून अर्धा इंच वरून फिरवा. शिवणींत, गळ्याच्या पट्टीखाली आणि खिशाच्या झाकणाखाली जास्त वेळ द्या. कपडे खाणाऱ्या कसरीची अंडी तिथेच असतात. व्हॅक्यूम नसेल तर रंगकामाचा नवा, मऊ केसांचा ब्रश चालेल. झटकू नका आणि आपटू नका.

मग अस्तर. काखेजवळचं अस्तर उसवून घ्या. त्यातच घामाचा मोठा भाग असतो, आणि सुती असेल तर ते सुटं धुता येतं. कोमट पाण्यात साधं लिक्विड डिटर्जंट, अर्धा तास भिजवणं, पाण्याचा पिवळटपणा जाईपर्यंत खळबळणं. अस्तर पार कुजलेलं असेल तर टाकू नका, त्याचा कागदावर छाप घेऊन नवं मलमलचं कापा आणि जुनं पाकिटात ठेवा.

आता टसरची काख. आधी रंगाची परीक्षा: आतल्या मायेवर पांढरा ओला सुती कपडा दोन मिनिटं दाबून धरा. कपड्यावर रंग उतरला तर थांबा आणि पुढचं काम जाणकारावर सोपवा. रंग उतरला नाही तर काख उलटी करा, खाली टीपकागदाची किंवा पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवा. डिस्टिल्ड पाणी घ्या, गाड्यांच्या बॅटरीत घालतात तेही चालतं. मऊ सुती बोळा त्यात बुडवून घट्ट पिळा, म्हणजे तो नुसता ओलसर राहील. आतल्या बाजूने दाबा, उचला, दाबा, उचला. घासायचं नाही. खालच्या टीपकागदावर पिवळा ठसा उमटेल. कागद सरकवा, बोळा बदला, पुन्हा दाबा. ठसा फिका होत शेवटी उमटेनासा होईपर्यंत हे चालू ठेवा. एका काखेला तास सहज लागतो. डागाच्या कडेला ओलावा एकदम तोडू नका, कडेकडेने बोळा आणखी कोरडा करत बाहेर या, नाहीतर पाण्याची गोल रेघ कायमची बसते. झाल्यावर पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर नको. पिवळेपणा सगळा जाणार नाही. जे रेशीम आतून पिवळं पडलंय ते पांढरं होत नसतं. मीठ आणि चिकटपणा गेला म्हणजे काम झालं.

ड्रायक्लीनला देऊ का, असा प्रश्न मनात येईल. ड्रायक्लीन किंवा पेट्रोल वॉशने तेलकटपणा, मेण, अत्तराचे तेलकट डाग निघतात. घामाचं मीठ पाण्यात विरघळतं, त्या द्रावकात नाही. म्हणून नुसतं ड्रायक्लीन केलेला जुना कोट दिसायला स्वच्छ असतो आणि पहिल्याच मैफलीत अंग तापलं की घामाचा वास परत येतो. द्यायचाच असेल तर काखेचं काम झाल्यावर द्या, ‘काखेत पाण्याने साफ केलंय, कोपर विरलंय, दाब इस्त्री नको’ असं चिठ्ठीवर लिहून द्या, बटणं काढून द्या, आणि आणल्यावर प्लास्टिकचं कव्हर तिथल्या तिथे काढून दोन दिवस हवेशीर जागी टांगा.

उरलेल्या वासासाठी एक मोठी प्लास्टिकची झाकणाची पेटी घ्या. तळाशी वाटीत लाकडी कोळसा किंवा खाण्याचा सोडा ठेवा, वर जाळी आणि जाळीवर कोट, असा की वाटीला त्याचा स्पर्श होणार नाही. झाकण लावून तीन दिवस ठेवा, वाटी बदला, पुन्हा तीन दिवस ठेवा. रोज धुता न येणाऱ्या पोशाखांसाठी नाटकांच्या कपडेपटात बिनवासाच्या व्होडकाचा फवारा मारण्याची पद्धत जगभर आहे आणि ती चालते, पण टसरच्या बाहेरच्या बाजूवर नको, डाग उठेल. फक्त सुती अस्तरावर आतून हलका मारा आणि पूर्ण वाळू द्या. तुमच्यासाठी हे ‘पूर्ण वाळू द्या’ फार महत्त्वाचं आहे: पुष्कळ व्हायोलिनांचं व्हार्निश स्पिरिटमध्ये विरघळतं. ओलसर अस्तर वाद्याला टेकलं तर पॉलिश मऊ होऊन त्याला चिकटेल.

पानाचा डाग राहू द्या, असं आमचं ठाम मत आहे. कात म्हणजे मुख्यतः टॅनिन हे तुरट द्रव्य, ते रेशमात रंगासारखं बसतं. ते काढायला जे लागेल त्याने टसरचा मूळ सोनेरी रंगही जाईल, आणि तपकिरी डागाच्या जागी पांढुरका डाग येईल. शिवाय जुना, वाळलेला कात कापडाला घामासारखी इजा करत नाही. डागात चुन्याचा पांढरा कण दिसला तर तेवढा मात्र सुईच्या टोकाने उचलून काढा, चुना रेशमाला वाईट. पांढऱ्या सुती झब्ब्यावर असाच डाग असेल तर तो काढता येतो. आधी साबणाची वडी लावू नका, तिने टॅनिन पक्कं होतं. चार लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीचची पावडर) विरघळवून चार-सहा तास भिजवा. क्लोरिनचं ब्लीच कशालाच नको. घामाचे डाग त्याने आणखी पिवळे होतात आणि रेशीम, लोकर तर विरघळतेच.

ऑर्गनवाल्यांच्या कोटावर वाद्याच्या खुणा फार नसतात, पण तुम्ही वापरलेले कपडे गोळा करता म्हणून इतर वादकांच्या कपड्यांबद्दलही सांगून ठेवतो. सतार-सरोदवाल्यांच्या कुर्त्यावर बोटांच्या तेलाचे ठिपके असतात. तबलजींच्या मांडीवर आणि बाहीवर पावडर बसलेली असते, ती कोरड्या ब्रशने निघते. ओला हात लावला की तिचा लगदा होतो. तुमच्या स्वतःच्या कपड्यांवर गजाला लावायची राळ पडते. राळ पाण्याने निघत नाही आणि गरम इस्त्रीखाली वितळून कापडात उतरते. तेव्हा आधी ब्रश, मग रंगाची परीक्षा करून स्पिरिटचा अगदी ओलसर बोळा, आणि इस्त्री सगळ्यात शेवटी. सतारीच्या तेलाचा जुना ठिपका आतल्या बाजूला किंवा बाहीच्या कडेला असेल तर फोटो काढून तसाच ठेवा, काही बिघडत नाही.

डावं कोपर. व्हायोलिन वाजवताना तुमचा डावा हात सतत दुमडलेला असणार, म्हणजे आधीच विरलेल्या जागेवर ताण. तिथे आतून आधार द्या. चिकटवायचं फ्यूझिंग किंवा बुकरम नको, त्याचा गोंद काही वर्षांनी कडक आणि पिवळा होतो आणि काढताना रेशीम घेऊन येतो. मंगलदास मार्केटमध्ये मऊ मलमल किंवा पातळ रेशीम मिळतं. टसरच्या जवळची छटा शोधा. विरलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा तुकडा कापा, आडव्या-उभ्या दोऱ्याची दिशा कोटाच्या कापडाशी जुळवा, आणि चांगल्या कापडातून सैल हातटाके घाला. ९ नंबरची बारीक सुई, सुती किंवा रेशमी दोरा. पॉलिएस्टरचा दोरा रेशमापेक्षा बळकट असतो. ताण आला की दोरा टिकतो आणि कापड कापलं जातं. अनुभवी रफूगराला द्यायचं असेल तर ‘दिसणार नाही असं करा’ असं सांगू नका. ‘कापड ओढू नका, आतून आधार द्या’ असं सांगा. न दिसणाऱ्या रफूसाठी तो मायेतले दोरे काढतो आणि विरलेलं कापड घट्ट विणतो, त्याने बाजूला नवी फाट जाते.

पुरुषी मापाचा कोट तुम्हाला खांद्यात मोठा होणार. कापू नका. पाठीच्या मधल्या शिवणीतून आणि बाजूंनी हाताने मोठ्या टाक्यांची टीप घाला, जास्तीचं कापड आत तसंच राहू द्या, म्हणजे उद्या काकूंच्या नातवाला कोट हवा झाला तर अर्ध्या तासात उसवता येईल. माप घेताना मांडी घालून बसा, व्हायोलिन खांद्याला लावा आणि पूर्ण गज टोकापासून टोकापर्यंत ओढा. उभं राहून घेतलेलं माप बैठकीत कामाला येत नाही. गज पूर्ण टोकाला नेताना उजव्या मुंढ्याच्या मागे कापड ताणलं गेलं तर तिथली टीप अर्धा इंच सोडा. पाठीचं अस्तर वरच्या कापडापेक्षा पाव इंच तंग ठेवायला सांगा; मग ताण अस्तरावर येतो, टसरवर नाही. बाजारातल्या एखाद्या तंग जाकिटाला हा उपाय पुरणार नाही, तिथे काखेत तिरप्या कापडाचा तीन इंचाचा चौकोनी जोडतुकडा, म्हणजे चौबगला, लावावा लागतो.

काखेसाठी घामाचे पॅड करा. मलमलच्या दोन थरांमध्ये जुन्या बनियनचं कापड घालून पाच इंच व्यासाची गोल चकती शिवा, ती मधोमध दुमडा आणि काखेच्या शिवणीवर आतून चार टाक्यांनी टाचा. प्रत्येक कार्यक्रमानंतर उसवून धुवा. आत पूर्ण बाह्यांचा तलम सुती कपडा घाला. डिओडरंट लावलात तर ते वाळल्याशिवाय कोट चढवू नका, आणि अत्तर कोटावर लावूच नका.

बंद गळ्याची उभी पट्टी व्हायोलिनच्या आड येते. वरचं बटण उघडं ठेवा आणि पट्टी आत दुमडून एका टाक्याने धरा. धातूची बटणं वाद्याची पाठ ओरखडतात. छातीवरची दोन बटणं कार्यक्रमापुरती काढून ठेवा, किंवा वाद्याखाली शामवाचं, म्हणजे मऊ चामड्याचं, जाड फडकं घ्या. कपड्याला लावायचा छोटा माइक असेल तर साउंड चेकला कोट घालूनच जा. कडक रेशमाची सळसळ माइक उचलतो आणि ती नंतर काढता येत नाही. माइकची क्लिप टसरवर लावू नका, आतल्या सुती कपड्याच्या गळ्याला लावा.

आईंबद्दल. त्यांच्या म्हणण्यात दोन गोष्टी आहेत, एक मनाची आणि एक रोगराईची. दुसरीचं उत्तर तुम्ही कृतीने देऊ शकता. बाहेरून आलेला कुठलाही जुना कपडा थेट कपाटात जाणार नाही असा नियम करा. सुती असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुऊन, कडक वाळवून, गरम इस्त्री करा. ढेकूण, उवा, खरजेचे किडे त्यातून वाचत नाहीत. रेशमी किंवा लोकरीचा कपडा जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका. लगेच उघडली तर हवेतलं पाणी थंड कपड्यावर जमतं. बंद राहिली तर ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं. फ्रीझर आईंच्याही वापराचा, तेव्हा आधी विचारा आणि कपड्याला दोन पिशव्या घाला. बुरशीचा कपडा मात्र फ्रीझिंगने साफ होत नाही.

मनाच्या गोष्टीवर वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा की घरातली गोधडी कुणाच्या लुगड्यांची आहे, आणि तुम्ही तान्ह्या असताना तुमची दुपटी कुणाच्या जुन्या धोतरांची केली होती. गेलेल्या माणसांचं मऊ झालेलं कापड आपल्या घरांत बाळाच्या अंगाला लावतात. तरीही त्यांना नको वाटलं तर कोट वेगळ्या पेटीत, त्यांच्या कपाटापासून दूर ठेवा आणि एकदा काकूंना चहाला घरी बोलवा. कोट कुणाचा होता ते त्यांच्या तोंडून आईंनी ऐकणं, तुम्ही सांगण्यापेक्षा उपयोगी पडेल.

शुक्रवारी पहाटे दो टाकी, कामाठीपुऱ्याकडे जाता तेव्हा टॉर्च न्या. कपडा घेण्याआधी काख, गळ्याची घडी आणि पँट असेल तर जांघेची शिवण बघा, हातात चुरगळून कानाशी धरा. रेशीम कागदासारखं कडकड वाजलं तर सोडून द्या. शर्टाच्या शिवणीत आत मिलचं नाव छापलेली किनार दिसली तर ती कधी कापू नका. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातल्या कितीतरी मिल पुन्हा धडपणे चालल्या नाहीत, त्यांचं कापड आता फक्त असंच मिळतं. जरीचं काही हाती लागलं तर एक तार खरवडून बघा: आत लाल दोरा असेल तर ती बहुतेक खरी, चांदीची जरी. कपडा तुम्ही कुणाच्या घरातून घेत असाल तर त्यांना हे सांगून, योग्य पैसे देऊन घ्या. अशा कपड्याजवळ रबरबँड आणि लोकर ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

साधे, एकेरी, अस्तर नसलेले रेशमी कुर्ते घरी धुता येतात. काष्ठौषधीच्या दुकानातून रिठे आणा. दोन लिटर पाण्यात आठ-दहा रिठे रात्रभर भिजवा, बिया काढून कुस्करा, गाळा, आणि हे पाणी बादलीभर गार पाण्यात मिसळा. पाच मिनिटं बुडवून हलकं दाबा. शेवटच्या पाण्यात पाच लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, उलटा करून सावलीत वाळवा. पांढऱ्या रेशमाला रिठा नको, पिवळट झाक येते. तिथे लोकरीसाठीचं लिक्विड वापरा. नेहमीच्या पावडरी टाळा. त्यातली प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स डागाबरोबर रेशीमही पचवतात. महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ असतं, ते उत्तम. इमारतीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर त्यातल्या लोहाने पिवळे ठिपके पडतात, निदान शेवटचं पाणी तरी फिल्टरचं घ्या.

कुबट वास म्हणजे बुरशी, आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते. मुंबईत जून ते सप्टेंबर हीच स्थिती असते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. खळ घातलेले कपडे पावसाळ्याआधी धुऊन खळ काढूनच ठेवा, बुरशी आणि कसर दोघांनाही खळ हवी असते. प्लास्टिकऐवजी धुतलेल्या मांजरपाटात किंवा मलमलीत गुंडाळा. पेटीत दमटपणा शोषणारे, रंग बदलणारे पाव किलो सिलिका जेलचे दाणे सुती पिशवीत ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या आम्ही सुचवत नाही: त्यांचा वास रेशमातून निघता निघत नाही, बुरशीवर त्यांचा भरवसा नाही, आणि घरात तान्हं मूल असेल तर त्या धोक्याच्या आहेत. ज्या कपड्यांना आता बुरशी आलीच आहे ते गॅलरीत नेऊन, तोंडाला मास्क लावून, ब्रशने झाडा. घरात झाडलीत तर बुरशीचे कण सगळ्या कपाटभर पसरतील. आणि पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, सगळे कपडे सावलीत दिवसभर मोकळे टांगा, घड्या बदला.

आता दिवाळी पहाट. कोटाचं काम नवरात्रापर्यंत पुरं करा. त्यानंतर तो घालून किमान दोन सलग तालमी घ्या, पंखा बंद करून, कारण मंचावरच्या दिव्यांत तेवढंच गरम होतं. तालमीनंतर काख, कोपर आणि उजवा मुंढा तपासा. कुठे टाका सुटला असेल तर आत्ताच कळू दे. काकूंना पुढच्या रांगेतली जागा राखून ठेवा, आणि कार्यक्रम झाल्यावर कोट लगेच घडी घालून पिशवीत कोंबू नका. घरी आल्यावर पॅड उसवा, रुंद खांद्याच्या हँगरवर कोट उलटा टांगा, रात्रभर पंख्याखाली ठेवा, सकाळी राळ ब्रशने झाडा आणि दुसऱ्या दिवशी हात लावून पूर्ण कोरडा लागला तरच आडवा घडी करून मलमलीत बांधा.